झोपडीवरचं पिवळं निशाण

मैत्रिणींनो,

कॉन्व्हेंटच्या गच्चीवरून आपण बंदरातल्या बोटींची निशाणं ओळखत बसायचो, आठवतं? पिवळं म्हणजे बोटीवर आजार, जवळ येऊ नका. निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे बोट निघाली, चढून घ्या.

आमच्या तेलगावात प्लेग आहे. सगळे शेतात झोपड्या घालून राहिलेत. माझ्या नातीला, यमूला, गाठ आली, म्हणून आम्हा दोघींना लांबच्या झोपडीत ठेवलंय. मुलगा बांधावर पाणी ठेवून मागे सरतो. मला बांध ओलांडायची परवानगी नाही.

कुणी चुकून येऊ नये म्हणून आज सकाळी लुगड्याचा तुकडा हळदीत बुडवून दारावर बांधला. दुपारी परगावच्या बायका वाटेनं आल्या आणि थेट दाराशी थांबल्या.

"काकू, हळद कुनाची हाय?" एकीनं हसत विचारलं. "नवरी लपवून काहून ठिवली?" तिच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"मागे व्हा, आत गाठीचा ताप आहे," मी ओरडले. तिनं पदर मुलाच्या तोंडावर ओढला आणि पळाली. लांबून म्हणाली, "मग काळं लावा की, बाई."

मी फडकं सोडायला उठले. आतून यमू म्हणाली, "आजी, ऱ्हाऊ द्या पिवळंच."

मी ते तसंच ठेवलंय. दार अडवून मीच बसते. तुम्ही काय केलं असतंत?

हे पत्र निंबाच्या धुरावर धरून पाठवतेय. रोझीनं वाचून मंगलकडे द्यावं. मला काही झालं तर माझी सुईकामाची पेटी रोझीला. मंगल, निळ्यात पांढरा चौकोन शिवून पाठव. तो यमूला.