पुण्यातून पाहिलेल्या चांदण्या

पावसाच्या तोंडावर पहाटे फोन वाजला आणि पडद्यावर ‘मामा’ असं नाव दिसलं, की ते काय विचारणार हे मला ठाऊक असे. त्या दिवशीही धड डोळे न उघडता मी म्हणालो, “दिसल्या, मामा. सहाच्या सहा.” पलीकडून मामीचा आवाज आला, “मामा गेले, बाबू.”

आम्ही गडचिरोलीकडचे गोंड. आमच्या गावात पेरणीचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरला कुणी विचारत नाही. कृत्तिकांचा पुंजका उन्हाळ्यात मावळतीला बुडतो, काही आठवडे दिसतच नाही आणि पावसाआधी पहाटे उगवतीला परत येतो. तो परत आल्याचं मामांनी सांगितलं, की घराघरातलं बियाणं बाहेर निघायचं. पुढे मृगातल्या तीन चांदण्यांचा, आम्ही ज्याला नांगर म्हणतो तो पुंजका वर आला, की भाताची रोवणी. गेली काही वर्षं मात्र मामा आधी मला फोन करायचे. “तिकडं दिसल्या का गा?” मला वाटायचं, नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या भाच्याला गावाशी बांधून ठेवायचा हा त्यांचा डाव. बिबवेवाडीतल्या आमच्या गच्चीवरून चंद्र दिसला तरी पुष्कळ. मी अंथरुणातूनच मोबाइलमधल्या आकाशाच्या ॲपमध्ये बघायचो आणि ठोकून द्यायचो, दिसल्या. किती, तर सहा. “पुण्यातबी सहाच,” म्हणून मामा खूश व्हायचे, आणि मला हसू यायचं… आता ते हसू आठवलं की मान खाली जाते.

दिवसकार्याला गेलो तेव्हा मामीनं सांगितलं. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनला न्यावं, तर दिवस सांगणाऱ्यालाच दिसत नाही हे गावभर झालं असतं. त्या लाजेनं ते गेलेच नाहीत. “भाच्याचे डोरे हायेत ना आपल्याजवळ,” म्हणायचे. म्हणजे एवढी वर्षं अख्ख्या गावाचं बी माझ्या शब्दावर बाहेर पडत होतं. आणि त्या शेवटच्या पहाटे तर मी ॲपसुद्धा उघडलं नव्हतं. मामीनं तोही शब्द खरा धरला होता आणि दुखवट्यातही गावानं बियाणं काढलं होतं. पाऊस आला, बी उगवलं, ते नशीब. म्हातारी माणसं माझा हात धरून म्हणाली, आता तूच सांगत जा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

मागच्या आठवड्यात पहाटे पुन्हा फोन वाजला. पडद्यावर ‘मामा’च, ते नाव बदलायला हात धजत नाही. मामी विचारत होती, नांगर दिसला का. या वेळी मी उठलो, फोन कानाला तसाच धरून गच्चीवर गेलो. उगवतीला ढग आणि त्यांच्यावर शहराचा नारिंगी उजेड.

“नाही दिसत, मामी,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती म्हणाली, “बरं. उद्या पायजो.”

इथून उद्याही दिसणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.