जमतं म्हणायचं नाही

माझ्या थोरल्या नणंदेबद्दल मी एक दिवस चांगलं बोलेन, असं माझ्या लग्नात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वन्सं म्हणजे नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री केली. चादरी, डॉक्टरांचे पांढरे कोट, नर्सचे एप्रन. तिथली वाफ डोक्यात शिरली होती की काय देव जाणे, घरी आल्या की माणसांच्या सुरकुत्या काढायला बसायच्या. मी केलेली घडी बघून म्हणायच्या, "ही घडी आहे की गाठोडं?" मीही काही कमी नाही. म्हणायचे, "गाठोडंच आहे. उचला आणि न्या." असं आमचं पहिल्यापासून.

लग्न त्यांनी केलं नाही. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांची एक खोली आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. निवृत्त झाल्यावर बाई जरा टेकतील असं वाटलं होतं. टेकतात कसल्या! त्यांनी नवंच काम काढलं, आणि त्याला कारण आमचे हे.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले, घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद करावं लागलं. अशा माणसांना आणि म्हाताऱ्यांना सरकारकडून भत्ता मिळतो, घरखर्चाला आणि मदतीला माणूस ठेवायला. अर्ज केला की ऑफिसातलं कुणीतरी घरी येऊन बघून जातं, माणसाला स्वतःचं काय करता येतं आणि काय नाही. आमच्याकडे सगळे त्याला पाहणी म्हणतात.

तर पाहणीच्या दिवशी ह्यांनी काय करावं? माझ्याकडून दाढी करून घेतली, ठेवणीतला कोट चढवून घेतला, केसांना तेल. ऑफिसातल्या बाई दारात आल्या तर हे टेबलाला धरून उभे! "या, या, बसा. ऊन फार आहे ना बाहेर?" त्यांनी विचारलं, आंघोळ कोण घालतं? "मीच की. जमतं." जिना? "सावकाश गेलं की जमतं." मी त्यांच्या पाठीमागून डोळे वटारतेय, हातवारे करतेय, पण छे! वर त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. दार लागलं आणि तिथेच मटकन खाली बसले. मला एकटीला उचलवेनात. शेजारच्यांना बोलवावं लागलं.

भत्ता नामंजूर. मी तो कागद टेबलावर आपटला, तर हे मलाच ऐकवतात, "दारी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं का?"

वन्सं मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याची चूक नाही. कुणी येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तसं तोंडही आवरतो. त्याने तिला पाहुणी धरलं. आणि त्या बाईचं तरी काय चुकलं? तिला जे दिसलं ते तिने लिहिलं." मग भावाकडे वळल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची असेल रे, पण पाहणीच्या दिवशी ती उघडावी लागते. पुन्हा अर्ज कर. या वेळी मी तालीम घेणार."

आणि घेतली! खुर्चीवर ताठ बसल्या, पर्स मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "नमस्कार. मी ऑफिसातून आले." ह्यांना हसू फुटलं. "हसायचं काम नाही. शर्ट कसा घालता?"

"घालतो."

"घालून दाखवा."

शर्टाची एक बाही चढवता चढवता ह्यांना घाम फुटला. मी उठून हात लावायला गेले तर माझ्या अंगावर वस्सकन ओरडल्या, "तू बस खाली! रोज धरतेस ना, मग आज धरू नकोस." मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! शेवटी हे अर्धा शर्ट अंगात आणि अर्धा लोंबतोय अशा अवस्थेत पलंगावर बसले आणि म्हणाले, "ताई, नाही गं होत." त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "हेच सांगायचं. जमतं म्हणायचं नाही. कसं जमतं ते सांगायचं. कोण धरतं, मध्ये कितीदा बसावं लागतं, त्यानंतर दुपारभर काय होतं. चांगला दिवस सांगू नकोस, वाईट दिवस सांग."

दुसऱ्या पाहणीत भत्ता मंजूर झाला. ही बातमी इमारतीत पसरायला कितीसा वेळ लागणार? आधी वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या, मग पलीकडच्या गल्लीतले, मग त्यांच्या ओळखीचे. वन्संचं नाव तालीमबाई पडलं. त्यांच्या खोलीत खुर्ची कायम मांडलेली. कंप सुटलेला हात टेबलाखाली लपवणारा बसड्रायव्हर होता, त्याला हात टेबलावर ठेवायला शिकवलं. एक निवृत्त मास्तर होते, कान पार गेलेले, पण कुणी काही विचारलं की समजल्यासारखी मान डोलवायचे. वन्संनी त्यांच्याकडे पाठ करून विचारलं, "तुमच्या घराला आग लागलीय का?" मास्तरांनी हसून मान डोलावली. मग वन्संनी तोच प्रश्न कागदावर लिहून दाखवला, तेव्हा दोघंही पोट धरून हसले, आणि मास्तर हसता हसता रडायला लागले.

पण खोटेपणा त्यांना खपायचा नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा डावा गुडघा खरोखर कामातून गेला होता. पण तालमीत गडी जोशात आला आणि उजव्या पायाने लंगडायला लागला! वर कण्हणं काय, भिंत धरणं काय! वन्संनी त्याला दरवाजा दाखवला. "नाटक करायचं असेल तर दुसरीकडे जा. माझ्याकडे फक्त खरं चालतं. तुझं खरं दुखणं तुला पुरत नाही का रे?" तो दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला, आणि डावा पाय धरून नीट बसला.

आणखी एक नियम होता, घरच्यांनी पाहणीत तोंड उघडायचं नाही. "तुम्ही बोलायला लागलात की तो माणूस गप्प होतो. त्याचं दुखणं त्याला बोलू द्या." मानलं बाईला. आमच्या गल्लीत आज कितीतरी घरांत सकाळी मदतीचा माणूस येतो, तो हिच्यामुळे. आणि कुणी आभार मानायला आलं तर म्हणायची, "चल, चल, मला कामं आहेत."

मग वन्संचे स्वतःचे हात गेले. बोटं सुजून वाकडी व्हायला लागली. जन्मभर जड इस्त्री धरली, तिने वसूल केलं, दुसरं काय. मी सकाळी खाली जाऊन त्यांची बटणं लावून द्यायला लागले. मला कधी ये म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "आलीच आहेस तर लाव." म्हणजे मी जणू तीन जिने हवा खायला उतरत होते!

पुढे डॉक्टरांनी साफ सांगितलं, यांनी मदतीशिवाय एकटं राहायचं नाही. एक तर भत्ता मिळवून माणूस ठेवा, नाहीतर वृद्धाश्रम बघा. आमच्याकडे वर आणलं असतं, पण कठडा धरता येत नाही, मग त्यांना जिने उतरून पुन्हा खाली येणं कठीण. शिवाय ह्यांना उचलून उचलून माझीच कंबर धरलेली. वन्संचा जीव त्या खोलीत. तिथून त्यांना हलवायचं म्हणजे... मला विचारही करवत नव्हता.

अर्ज केला. पाहणीची तारीख आली. मी म्हटलं, "वन्सं, तुमची तालीम घेऊ का?"

"माझी? गुरूची विद्या गुरूलाच शिकवतेस?"

खरंच, त्यांना काय शिकवायचं!

त्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतला निळा कोट काढायला सांगितला. मी बटणं लावली. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं, असू दे. ऑफिसातल्या बाई आल्या. चाळिशीतल्या, दमलेल्या, पण चेहरा चांगला. वन्संनी कोपराने खुर्ची पुढे ढकलली. "बसा ना."

"कपडे कोण घालून देतं?"

"मीच घालते. जमतं."

मला वाटलं माझे कान वाजले.

"स्वयंपाक?"

"एकटीचा असतो कितीसा? जमतं."

आणि वन्सं चहा करायला उठल्या! दोन्ही मनगटांमध्ये किटली धरून, ओठ दाबून. एक थेंब सांडला नाही. ऑफिसातल्या बाई लिहीत होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी कशीबशी तोंड दाबून बसले होते. बोलायचं नाही, नियम आहे. बोलायचं नाही.

त्या बाई कागद आवरत म्हणाल्या, "कौतुक आहे हं ताई तुमचं. या वयात सगळं स्वतःचं स्वतः करता."

"वन्सं, पुरे झालं!" मी उठलेच. "बाई, त्या कोटाची बटणं मी लावलीत. रोज मीच लावते. किटलीतही पाणी मीच भरून ठेवलं होतं."

वन्संचा चेहरा लालभडक. "तुला बोलायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही! न्हाव्याला हाकललंत ना खोटं केलं म्हणून? मग मला काय गप्प बसवता?"

ऑफिसातल्या बाईंनी लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. वन्संना हळूच विचारलं, "ताई, खरं आहे का हे?"

वन्संनी आपल्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि आम्हा दोघींना बाहेर काढतील.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "बटण लागत नाही. बरणीचं झाकण उघडत नाही. आंघोळीला बसले की उठताना भीती वाटते, म्हणून मी रोज आंघोळ करत नाही. ही येते तेव्हा पावडर लावून बसते, हिला कळू नये म्हणून." मग नळाकडे मान वळवली. "रात्री कुणी नळ घट्ट बंद केलेला असला की मला फिरत नाही. मग तशीच बसते. ही सकाळी येईपर्यंत."

"तहानलेली?" मी विचारलं. तो नळ मीच आवळून जायचे, ठिबकतो म्हणून.

"हाक मारायची ना हो, वन्सं!"

"तीन जिने उतरायला लावू तुला? त्याला एकट्याला सोडून?"

मी तिथेच रडले. लाजबीज काही वाटली नाही. ऑफिसातल्या बाई मात्र पुन्हा पहिल्यापासून एकेक विचारत गेल्या आणि वन्सं एकेक सांगत गेल्या, जसं त्यांनी इतरांना शिकवलं होतं तसं, एक शब्द वाढवून नाही, एक शब्द लपवून नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं धाडस करताना बघितलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस माझ्याशी अबोला. बटणं लावून घ्यायच्या, पण तोंड भिंतीकडे. मीही बोलले नाही. नळ मात्र मी बदलून घेतला, दांड्याचा, कोपराने ढकलला तरी चालेल असा.

भत्ता मंजूर झाला. खोली राहिली. मदतीच्या बाई ठरल्या. आदल्या संध्याकाळी वन्संनीच अबोला सोडला. "उद्यापासून त्या बाई येणार. आंघोळ, कपडे, सगळं बघतील. तुझे जिने वाचले."

"सुटले बाई एकदाची," मी म्हटलं आणि निघाले. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं काही वाटलं नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली.

"अगं, ऐक. त्या बाई सगळं करतील. पण केस..." बटणं झाली की मी आपली त्यांच्या केसांतून फणी फिरवायचे, त्याबद्दल आम्ही दोघी कधी चकार शब्द बोललो नव्हतो. "केस विंचरायला तू येशील का?"

येशील का! या बाईने मला आजवर हुकूम सोडले होते, टोमणे मारले होते, विचारलं कधी नव्हतं. मी मागे फिरले. दिवेलागणीची वेळ, हे वर एकटे, तरी त्यांना खुर्चीत बसवलं आणि आधी त्यांचे केस विंचरून दिले.