भागूबाईची रीत

हिरामण माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. आठवड्याची सुट्टी मिळाली की डोंगर उतरून पळसदरीजवळच्या गावी यायचा, आणि त्यानं हातपाय धुतले न धुतले तोच त्याची बायको भागूबाई बुद्धिबळाच्या पटावरची टोपली उचलायची. मागच्या सुट्टीतला अर्धा डाव कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून ती तो आठवडाभर झाकून ठेवी. खेळ तिला तिच्या बापानं शिकवला होता, तिनं नवऱ्याला. तो विचारात पडला की म्हणायची, "डोकं हॉटेलातच ठेवून आलात काय?"

तिच्या माहेरच्या रीतीनं, वजिरावर मोहरं रोखलं की तोंडानं 'वजीर' म्हणायचं. न सांगता मारणं म्हणजे चोरी. आणि प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा.

हिरामण नोकरी सोडून कायमचा घरी आला आणि वर्षभरात भागूबाई गेली. त्यानंतर त्यानं पटाला हात लावला नाही. बोलायचा तेही जेवणापुरतंच. समोर बसणारं कुणी भेटलं तर माणूस पुन्हा बोलू लागेल, म्हणून सून छायानं कर्जतच्या स्पर्धेत त्याचं नाव घातलं. तो नाही म्हणाला नाही. त्यालाही कुणी हवंच होतं.

समोर राजेश नावाचे एक मास्तर आले. डाव हिरामणाकडे झुकत होता. उंटाची वाट मोकळी झाली, मास्तरांचा वजीर माऱ्यात आला आणि मास्तरांच्या ते ध्यानातही नव्हतं. हिरामण सवयीनं पुटपुटला, "वजीर." पुढच्या चालीला मास्तरांनी वजीर हलवला.

तरीही त्याचं एक प्यादं पुढे सरकत घोड्याच्या घरापाशी आलं. एक पाऊल राहिलं होतं. पण घोडा होऊन तिथं काय करणार? त्यानं प्यादं तसंच ठेवलं आणि हत्ती मागे घेतला. थोड्याच वेळात मास्तरांनी ते प्यादं मारलं, आणि डावही.

नंतर मास्तरांनी मोहरी पुन्हा मांडून दाखवली. इथं वजीर फुकट होता. इथं प्यादं पुढं टाकलं असतं तर त्याचाच वजीर झाला असता, डाव तिथंच संपला असता. नियम सकाळी सगळ्यांना सांगितले होते. हिरामणानं ऐकलेही होते. "सवय मोडायला हवी, काका. येत जा रविवारी, बसू आपण," मास्तर मायेनं म्हणाले.

हिरामण पटाकडे बघत राहिला. या नियमानं भागूबाईबरोबरचे किती डाव एका बैठकीत संपले असते. मग टोपलीखाली झाकायला काय उरलं असतं? "बघू," म्हणून तो उठला. रविवारी गेला नाही.

शेवटी छायाच एका दुपारी पट घेऊन त्याच्यापुढं बसली. आत्याबाई खेळायच्या तसंच मला शिकवा, म्हणाली. त्यानं एकेक मोहरं हातात देऊन चाली सांगितल्या. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून इतके शब्द निघत होते. मग तिनं विचारलं, "आन् बाबा, प्यादं पार पलीकडं गेलं की?"

त्याच्या मनात आलं, आपल्यामागं ही पोर ती रीत घेऊन कुणाशी खेळणार?

"वजीर होतो," तो म्हणाला.

"कुटल्याबी घरात?"

"कुटल्याबी. सगळीकडं असंच हाय गं."