तीन हात भरली

शहाण्या मास्तरापेक्षा आळशी मास्तर बरा, असं मी आता म्हणतो. एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या त्या वर्षी मला शहाणपणाचा झटका आला नसता, तर एक मुलगी निदान चौथी तरी पास झाली असती.

मी मूळचा कोकणातला. नोकरीसाठी निघोज्याजवळच्या एका वाडीवर येऊन पडलो होतो. शाळा मारुतीच्या देवळात, इयत्ता चार आणि मास्तर एक. इतिहासाच्या पुस्तकात मराठ्यांच्या आरमाराचा धडा होता. त्यात जुन्या शिडाच्या लढाऊ गलबताचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, लांबी पन्नास हात. इंद्रायणीपलीकडे पाणी न पाहिलेल्या पोरांना मी विचारलं, पन्नास हात म्हणजे केवढं? एक म्हणाला देवळाएवढं, दुसरा म्हणाला इथून मोशीपर्यंत. समुद्राच्या आठवणीनं माझा जीव आधीच कासावीस, त्यात ही उत्तरं. मी सगळ्यांना उठवलं आणि सुगी संपून मोकळ्या पडलेल्या खळ्यावर नेलं.

चौथीत मुलगी एकच होती. अंदाज बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, बैल जुंपलेल्या तीन गाड्या एकामागं एक उभ्या केल्या की झालं गलबत. मोजलं तेव्हा दोन-तीन हातांचाच फरक निघाला. एवढी हुशार पोर, पण तिचं शाळेत येणं एका धाग्यावर लटकलेलं. पाहुणे दोनदा विचारून गेले होते आणि ‘लहान हाय अजून’ असं सांगून तिची आई त्यांना वाटेला लावत होती. परीक्षेला दोन महिने होते. तेवढी होऊ द्या, मग मी बघते, असं त्या बाईनं मला देवळामागं गाठून सांगितलं होतं.

माझ्या हातानं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पन्नास हात मोजून मी राखेनं गलबत आखलं. पोरांनी आपापल्या हातानं मोजलं तर त्यांचं गलबत माझ्या गलबताच्या पोटात मावलं. कुणाचं खरं, यावर भांडण जुंपलं. मग मी सांगितलं की माणूस लहान असो की मोठा, ज्याच्या त्याच्या हातानं साधारण साडेतीन हातच भरतो. पोरांनी हाताएवढ्या सुतळ्या कापल्या, एकेक जण डोलकाठीच्या रेघेवर आडवा झाला आणि जवळपास सगळे साडेतीन भरले. असा आनंद मला त्या नोकरीत क्वचितच मिळाला.

तेवढ्यात त्या मुलीचा बाप बैल पाण्यावर नेताना बांधावर थांबला. मोठ्याच्या हातानं माप कसं बदलतं हे दाखवायला मला आयताच माणूस मिळाला. मीच त्याला हाक मारली. मीच म्हणालो, जरा तुमच्या हातानं पोरीला मोजून दाखवा. हे मी आजही कुणाच्या माथी मारू शकत नाही.

तो हसतच खाली बसला. टाचेपासून कोपर टेकत टेकत डोक्यापर्यंत गेला. “तीन,” तो म्हणाला. मग त्याचं हसू गेलं. “मागल्या आखितीच्या सणाला मोजली तवा पावणेतीन व्हती. आन् हिची आई म्हंती लहान हाय.”

मुलगी उठून बसली. तिला माझ्याआधी सगळं कळलं होतं. आपली सुतळी पुढं धरून ती म्हणाली, “आबा, तीन तुमच्या हातानं. माज्या हातानं मी साडेतीनच हाय. मागल्या सालीबी साडेतीनच व्हते. मास्तरांस्नी इचारा.”

बापानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, तिचं बरोबर आहे. खरंच बरोबर होतं. शिकवलेलं इतक्या लवकर, इतक्या गरजेच्या वेळी वापरणारा विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही.

“आसंल बरोबर, मास्तर,” तो शांतपणे म्हणाला. “पर आमच्या घरात माप माज्या हाताचं.”

पोर परकराची राख झटकून बैलांमागं चालू लागली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं. त्यानं घोंगडी टाकली, चहा दिला आणि विचारलं, त्या गलबतात माणसं किती बसत? मी ते सांगत बसलो. आतून तिची आई बाहेर आली नाही आणि परीक्षेचा विषय काढायची माझी छाती झाली नाही. काढला असता तरी काय झालं असतं, कुणास ठाऊक. हे मी स्वतःला समजवायला म्हणतो, आणि ते मला पटत नाही.

पोर पुन्हा शाळेत आली नाही. वैशाखात तिचं लग्न झालं. मास्तर म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. सगळ्यांबरोबर मीही अक्षता टाकल्या. अंतरपाट दूर झाला. नवरा मुलगा चांगला उंच होता, त्याच्या गळ्यात हार घालायला तिचा हात पुरेना. कुणीतरी तिच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवला, तरी पुरेना. तिसरा ठेवला, तेव्हा पुरला.