म्होरकीच्या कपाळी भंडारा

राहू गावच्या स्टँडवर वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) सुटायच्या आत बाळूने, म्हणजे माझ्या लेकाने, खिडकीतून डोकं आत घातलं. "आये, रिकाम्या हातानं येऊ नगं. पोरीला घिऊनच ये. पंचमीनंतर पावनं बघाया येणार हायेत."

पोरगी म्हणजे माझी नात मनीषा. शिक्रापुरात खोली करून राहते आणि रांजणगावच्या बाजूला टीव्हीच्या कंपनीत कामाला जाते. काम शिकायला कंपनी तिला परदेशी पाठवणार, हे कानावर आल्यापासून बाळूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मनीषा माझं ऐकते अशी त्याची समजूत. मी ती मोडली नाही. फुकटचा प्रवास कोण सोडतो?

परत आल्यापासून आळीतली प्रत्येक बाई "काय बघितलं?" विचारते आहे. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. अर्धा जन्म बालवाडीतल्या पोरांना पाट्यांवर रेघोट्या शिकवण्यात गेला, तेव्हा अक्षराची भीती मला नाही.

भीमेचा पूल आला तशी मी मान बाहेर काढली. दोन्हीकडे ऊस, नुसता ऊस. हीच वाट मी नवी नवरी असताना मेंढरांमागे तुडवली होती. पुढे सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, कळप, मागे घोड्यावर संसार, आणि घोड्यामागे डोक्यावर कोंबड्यांचा डालगा घेतलेली मी. त्या वेळची मी म्हणजे काय सांगावं! एकदा कोकणात जाऊन आले आणि जग कुठं संपतं ते आपल्याला ठाऊक झालं, असं दौंडच्या बाजारात चारचौघींना ऐकवत सुटले. त्याच दौंडात पहिल्यांदा आगगाडीचं इंजिन पाहिलं, तेव्हा ही जगाची जाणकार कमरेची पिशवी सोडून त्याच्यावर भंडारा (देवाची हळद) उधळायला रुळाकडे धावली. सासऱ्यांनी पदर धरून मागे ओढली. म्हणाले, "सूनबाई, त्याला म्होरं जायाला तुमचा भंडारा लागत न्हाई."

माझं तरी काय चुकलं? आमच्यात कळप वाट धरतो तेव्हा घरातली थोरली बाई म्होरकीच्या (कळपापुढे चालणाऱ्या मेंढीच्या) कपाळाला भंडारा लावते. एकदा लावला की पाऊस येवो, गारा पडोत, कळप माघारी वळवायचा नाही. पुढे मेंढरं विकली, ऊस लावला, पण पिशवी काही माझ्या कमरेची सुटली नाही.

शिक्रापुरात उतरले आणि रस्त्याच्या कडेला खिळून राहिले. ट्रकमागे ट्रक, काही तर आमच्या वस्तीएवढे लांब, आणि त्यांवर लोखंडी पेट्या, परक्या अक्षरांच्या. आम्ही यायचो तेव्हा इथे बाभळी होत्या आणि एक विहीर. आता रस्ता ओलांडायचा कसा? सोबत मेंढरं असती तर सगळे थांबले असते. एकट्या म्हातारीसाठी कोण थांबतो? शेवटी काठी वर केली, "हुर्रर्र" अशी मेंढक्याची हाळी दिली आणि घुसले. एका ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "ओ माताजी, मरना है क्या?"

"आज न्हाई रं बाबा, अजून कंपनी बघायची हाय!"

मनीषाचे घरमालक आप्पा ओट्यावर बसले होते. मी त्यांना ओळखलं. यांच्याच रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची.

"आप्पा, ज्वारी कुठं गेली?"

"तिच्या जागी खोल्या लावल्या, वहिनी," आप्पा म्हणाले. "बारमाही पीक. खुरपणी न्हाई, राखण न्हाई."

"आन् कीड?"

"लाईट चालू ठिवून कामाला जात्यात ना, तीच कीड!"

शेजारच्या खोलीत बिहारची एक बाई शेगडीवर लिट्टी (आत भाजक्या हरभऱ्याचं पीठ भरलेला कणकेचा गोळा) भाजत होती. "खाओ दादी," म्हणून तिने ताटली पुढे केली. चव घेतली आणि मी उडालेच. हा तर आमचा रोडगा! मेंढरांमागे असताना निखाऱ्यात भाजायचो तोच, फक्त पोटुशी. एवढ्या लांबची बाई, आणि हाताला तीच राख.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मनीषा उतरली. मला पाहून हसली आणि लगेच हसू आवरलं. "आजी, दादांनी धाडलं ना मला न्यायला?" बापाला ती दादा म्हणते.

"गप. मी कंपनी बघाया आले."

"खोटं बोलताना तुझं नाक हलतंय."

"म्हातारपणानं हलतंय."

ती भांडली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "उद्या घरच्यांना कंपनी दाखवणारेत. बघ, आन् मग न्यायचं तर ने."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात पायताणं काढायला लावली. अंगावर पांढरा डगला, डोक्याला टोपी. सामान बाहेर ठेवा म्हणाले, ठेवलं. आत धुळीचा कणही चालत नाही, असं एका पोराने समजावून सांगितलं. मी मान डोलावली.

आत गेले, आणि बाई काय सांगू! एवढं मोठं छत आणि मध्ये एक खांब नाही. थंडगार. दिवसाढवळ्या चांदणं पडल्यासारखा उजेड. काळा पट्टा पाण्यासारखा वाहतो आहे, त्यावर हिरव्या पाट्या तरंगत येताहेत, आणि दोन्ही काठांना पोरी. निमोण्याची, बीडची, पार ओरिसाची. प्रत्येकीचे हात चालताहेत, पण आवाज म्हणून नाही. या पाट्या टीव्हीत बसतात आणि टीव्ही जहाजातून कुठल्या कुठल्या देशांत जातात. सगळ्यांच्या पुढे पट्ट्याच्या तोंडाशी माझी मनीषा उभी. तिने बोट उचललं की पट्टा चालतो. माझे डोळे भरून आले. मी दौंडात जग संपवून बसले होते, आणि माझ्याच नातीच्या हाताखालून जग निघालं होतं.

हात आपोआप कमरेला गेला. पिशवी लुगड्याच्या आत. तिला मी सामान कधी समजलेच नव्हते. चिमूट काढली, मनीषाच्या कपाळाला लावली आणि उरलेला भंडारा सवयीने पुढे उधळला.

त्या चांदण्यात पिवळा ढग तरंगला आणि सावकाश हिरव्या पाट्यांवर उतरला.

मनीषाने तांबडं बटण दाबलं. पट्टा थांबला. अख्खी लाईन थांबली, पोरी थांबल्या, पलीकडचे बाप्येसुद्धा थांबले. ती ओरडली नाही. "कुणी हात लावू नका. ह्या पाट्या बाजूला," एवढंच म्हणाली, आणि सगळे तिच्या शब्दाबरहुकूम हलले. परदेशी साहेब धावत आला. तिने त्याच्याकडे बघत इंग्रजीत काहीतरी सांगितलं, माझ्याकडे हात केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. साहेब हसला नाही, रागावलाही नाही. बोटाला लागलेली हळद बघत राहिला. मला बाहेर नेलं.

संध्याकाळी मनीषा पडल्या चेहऱ्याने आली. "साहेब म्हणाले, आजी तुझी, तर आत आणायच्या आधी तूच तिला सांगायला पायजे होतं. आता परदेशी धाडतात का घरी बसवतात, उद्या कळंल."

खरं तर माझं काम परस्पर झालं होतं. नोकरी गेली की पोरगी आपोआप राहूला. मग मी खूश का नव्हते? दुसरा दिवस आप्पांच्या ओट्यावर काढला. येणारी प्रत्येक बस बघत होते आणि देवाला म्हणत होते, बाबा, म्हातारीची खोड पोरीच्या अंगाशी आणू नको. शेजारणीने पुन्हा लिट्टी दिली, ती तशीच हातात राहिली.

बसमधून मनीषा उतरली ती पळतच. "साहेबांनी विचारलं, लाईन कुणी थांबवली? म्हटलं, मी. म्हणाले, लपवलं असतं तर माल तसाच जहाजात गेला असता. जायचं ठरलं, आजी!" मग तिचा आवाज खाली आला. "तू नेणार नसशील तर."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. धुऊनही केसांच्या मुळाशी पिवळं राहिलं होतं.

राहूला उतरले तेव्हा बाळू स्टँडवर होता. त्याने माझ्यामागे जीपमध्ये वाकून पाहिलं. "पोरगी कुठं हाय?"

"म्होरं गेली."

"आये, मी काय सांगितलं व्हतं? आन् तू काय करून आलीस?"

"मी भंडारा लावला रं तिला. आता तू वळवून दाव."

बाळू घोड्याच्या पाठीवर वाढलेला. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. माझी वळकटी उचलून तो चालू लागला. ओढ्यापाशी थांबला. म्हणाला, "तिकडं थंडी असती म्हणं."

"असंल."

"आबांची घोंगडी हाय माळ्यावर," तो म्हणाला. "ऊन दावून ठिवतो."