शेवंताबाईंनी ओवलेली चौकट

मी इंजिनिअर माणूस. करणी, बाहेरची बाधा असलं कुणी बोलायला लागलं की चहाचं निमित्त काढून उठणारा. आजही बहुधा उठेन. म्हणूनच हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय...

आणीबाणीच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. लोणावळ्यात स्टेशनपासून सायकलवर दहा मिनिटांवर आमचा छोटा कारखाना होता. नाव सांगत नाही. तिथे कॉम्प्युटरची मेमरी बनायची. तेव्हा मेमरी म्हणजे मोहरीहून बारीक काळ्या चुंबकी कड्या आणि त्यांतून हाताने ओवलेली केसासारखी तांब्याची तार. तळहाताएवढ्या एका चौकटीत हजारावर कड्या. ओवायचं काम बायका करायच्या. सगळ्यांत सफाईचा हात जवळच्या कुरवंडे गावच्या शेवंताबाईंचा.

त्या थंडीत कारखान्यातलं आमचं स्वतःचं कॉम्प्युटर मशीन मधेच बंद पडायला लागलं. मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम — आज त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात — कर्णिकबाईंनी लिहिला होता. मॅनेजर मला म्हणाले, "दोष मेमरीचा की प्रोग्रामचा, शनिवारपर्यंत सांगा. प्रोग्रामचा असेल, तर बाईंना घरी बसावं लागेल."

ओळखायची रीत सोपी आहे. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. चूक नेहमी पाचव्या चौकटीत यायची. मी पाचवी आणि नववी यांची अदलाबदल केली. चूक पाचव्याच जागी राहिली असती, तर मेमरी निर्दोष ठरली असती. पण ती चौकटीबरोबर नवव्या जागी गेली. कर्णिकबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चौकट शेवंताबाईंनी ओवलेली होती. भिंगाखाली प्रत्येक कडी तपासली — एकीलाही तडा नाही. तार शाबूत, हवा कोरडी. मग चूक येते कुठून?

मी बंद पडण्याच्या वेळा लिहायला लागलो. अकरा चाळीस. दोन पाच. तीन बावीस. वही घेऊन ओवणीच्या खोलीत गेलो, तर सुपरवायझर मावशी वैतागलेल्या. "शेवंताला काय झालंय कळत नाही, साहेब. बसल्या बसल्या हात आखडतो, तार तुटते." तार तुटल्याची नोंद मावशी वेळेसकट ठेवायच्या. मी पान उलटलं.

अकरा चाळीस. दोन पाच. तीन बावीस.

"शेवंताबाई, काय होतं हाताला?"

"मुंग्या येत्यात साहेब. कुनीतरी आतून दोरा वढल्यावानी. घरी न्हाई व्हत. हितंच."

मी तिला दोन दिवस रजा दिली. दोन्ही दिवस मशीन एकदाही थांबलं नाही. ती परत आली, त्या दिवशी तीनदा थांबलं.

इथे मी थांबायला हवं होतं. कर्णिकबाई म्हणाल्यासुद्धा, "चौकट काढून ठेवा आणि विषय संपवा." पण मला सिद्ध करायचं होतं की हा योगायोग आहे. मी त्या चौकटीतली एकच कडी निवडली आणि तिचंच चुंबकत्व सतत उलटसुलट फिरवत राहणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मिनिटाला लाखो वेळा. शेवंताबाईंना काही सांगितलं नाही. मशीनची खोली आणि ओवणीची खोली यांच्यामध्ये काचेची जाड भिंत होती, तिची पाठ माझ्याकडे.

दुपारी जेवणानंतर बटण दाबलं.

तिचा हात हवेतच थांबला. सुई पडली. मग ती सावकाश वळली — शेजारणींकडे नाही, मावशींकडे नाही, तिने थेट माझ्याकडे बघितलं. आवाज येणं शक्य नव्हतं, पण ओठ स्पष्ट दिसले.

"सोडा साहेब."

आणि मी... मी लगेच सोडलं नाही. खात्री करायला आणखी काही क्षण चालू ठेवलं. ती खुर्चीवरून खाली कोसळली तेव्हा बटण बंद केलं.

त्यानंतर ती कामावर आली नाही. अहवालात मी 'चौकट सदोष' एवढंच लिहिलं. कर्णिकबाईंची नोकरी वाचली. चौकट भंगारात टाकायचा हुकूम आला. मी ती खिशात घालून घरी आणली.

वर्षभराने धीर करून कुरवंड्याला गेलो. शेवंताबाई अंगणात डाव्या हाताने नाचणी पाखडत होती. उजवा हात मुठीसारखा मिटलेला, पदराखाली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनेच विचारलं,

"तुमी मोडली का ती?"

"नाही. घरी आहे."

"मोडू नगा." तिने पदराखालची मूठ पोटाशी घट्ट धरली. "तुमच्या पाया पडते. पडू बी देऊ नगा."

यावर किती तज्ज्ञांशी बोललो. कुणी योगायोग म्हणतं, कुणी माझ्या मनाचे खेळ. चार घरं बदलली. प्रत्येक वेळी ती चौकट कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो. शेवंताबाई आहे की नाही, माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही... आणि चौकट मशीनला जोडून बघायची तर त्याहून नाही.