स्वागतद्वाराखाली अडलेला ट्रेलर

ट्रेलर स्वागतद्वारासमोर थांबला आणि मागे शहरातल्या तेलीबांध्यापासून येणाऱ्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला. ट्रेलरवर नव्या राजधानीच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर होता. तो बसल्याशिवाय तिथल्या क्वार्टर्सचे पाण्याचे पंप चालणार नव्हते. भर उन्हाळ्यात लोक टँकरवर दिवस काढत होते.

अवजड मालासाठी रस्ते तपासणं हे माझं काम. वळण पुरेल का, पूल वजन पेलेल का, आणि वर क्लिअरन्स किती, म्हणजे रस्त्यापासून डोक्यावरच्या अडथळ्यापर्यंत मोकळी जागा किती. या कमानीखाली ती कमी पडते, हे मी आमच्या देशकर साहेबांना आधीच सांगितलं होतं.

"बस जाते ना तिथून?" त्यांनी विचारलं होतं.

"सर, बसवर ट्रान्सफॉर्मर ठेवलेला नसतो."

"प्रत्येक कामात काहून अडवून राहिली तू? रस्ता ओके आहे." आणि वर तसंच कळवून टाकलं.

आता साहेब फोनवर म्हणत होते, "पुन्हा मोजून पाह्य बरं."

मोजलं. कमान काही वाढली नव्हती.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचे अधिकारी आले. "मैडम, गेट को हाथ नहीं लगेगा. परसों उद्घाटन है. गाड़ी सर्विस रोड से निकालिए."

सर्विस रोडवर नाल्यावरची जुनी पुलिया होती. एवढ्या वजनाखाली ती खचली असती, तर ड्रायव्हरसकट सगळंच नाल्यात. मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो, धीरे-धीरे."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ पुलियावर जाऊन उभी राहिले. "साहब, लिखकर दीजिए कि आपके कहने से जा रही है."

लिहून द्यायला अर्थातच कोणी तयार नव्हतं. ड्रायव्हरने सगळ्यांची तोंडं पाहिली, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली. "हमारे भी बाल-बच्चे हैं, साहब."

मग दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हा दुपारी अधिकाऱ्यांनीच क्रेन मागवली. कमानीचा वरचा भाग उतरवला आणि ट्रेलर निघून गेला.

संध्याकाळी देशकर साहेबांचा फोन. "निघाला ना शेवटी? मी म्हणतच होतो, रस्ता ओके आहे."

मी फोन ठेवून दिला.

उद्घाटनाच्या आत कमान पुन्हा बसवली, त्याच उंचीवर. तेव्हापासून कुणी 'रस्ता सुगम आहे का?' असं विचारलं, की मी आधी विचारते, "कोणत्या गाडीसाठी?" लोकांना तो आडमुठेपणा वाटतो. वाटू दे.